प्रश्न विचारणारी साइट बरी

(रेडिओवरील भाषण)



मुलामुलींची नावं वधू-वर सूचक मंडळात नोंदवली जायची, तो काळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. फॉर्म घेणाऱ्या बाई उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारायच्या. पगार किती म्हणता? पावती दाखवा. घटस्फोट झालाय? मग कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत आणा. मंडळी वैतागायची. पण त्या चौकशीमुळेच वहीतल्या बाकीच्या स्थळांवरही थोडाफार भरवसा ठेवता यायचा.

आता ती वही फोनमध्ये आली आहे. शादी डॉट कॉम, भारतमॅट्रिमनी ही नावं घरोघरी पोचली आहेत. तरुण मंडळी टिंडर, बंबल वापरतात. विधुर, विधवा, घटस्फोटित अशा पुन्हा जोडीदार शोधणाऱ्यांची तर यामुळे मोठीच सोय झाली आहे. तेव्हा साइट वापरावी की नाही, हा प्रश्न मागे पडला. कोणत्या साइटवर विश्वास ठेवायचा, एवढाच उरला. त्यावर माझं उत्तर सरळ आहे. जी साइट तुम्हाला काहीही न विचारता आत घेते, ती इतरांनाही तशीच आत घेते. लाखो स्थळांची जाहिरात बघू नका, दारावर चौकशी कशी होते ते बघा.

हे माझं एकट्याचं मत नाही. केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नाव नोंदवणाऱ्याचा मोबाइल नंबर पडताळावा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घ्यावा, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा, अशी त्यांत अपेक्षा आहे. तेव्हा साइट कागद मागते म्हणून रागावू नका. आधार द्यायचं असेल, तर ज्यावर शेवटचे चार आकडेच दिसतात ते ‘मास्क्ड आधार’ द्या.

आता ‘व्हेरिफाइड’ या हिरव्या-निळ्या खुणेबद्दल. खूण दिसली की आपण निर्धास्त होतो. पण तपासलं काय, हे विचारायला हवं. पुष्कळदा फक्त ओटीपी आलेला असतो. म्हणजे तो नंबर चालू आहे, एवढंच सिद्ध झालं. डेटिंग अ‍ॅपवर सेल्फी घेऊन फोटोशी ताडून बघतात. म्हणजे चेहरा फोटोतलाच आहे, एवढंच कळलं. माणूस अविवाहित आहे का, नोकरी खरी आहे का, हे त्या खुणेत कुठेच येत नाही. चांगली साइट कशाची पडताळणी केली हे वेगवेगळं सांगते: मोबाइल, ओळखपत्र, शिक्षण, उत्पन्न. आणि जे तपासलेलं नाही, ते आपण तपासायचं. दुसरेपणाचं स्थळ असेल, तर हुकूमनामा मागायला संकोच करू नका. खरा माणूस तो दाखवतो.

पैसे भरण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. साइटवर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याला तुमची एखादी खरी शंका मेलवर विचारा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची असते आणि तिचा निकाल ठरावीक मुदतीत लावायचा असतो. पत्ताच सापडला नाही, किंवा मेल परत आला, तर पुढे जाऊ नका. ‘आजच भरा, ऑफर संपतेय’ म्हणून दिवसातून चार वेळा फोन येत असतील, तर त्या साइटचं लक्ष कुठे आहे ते समजून घ्या. मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाणार का, हेही आधीच बघून ठेवा.

आत शिरण्याइतकंच बाहेर पडणंही महत्त्वाचं असतं. अ‍ॅशली मॅडिसन नावाची एक कॅनेडियन साइट होती, आजही आहे. आपली माहिती कायमची पुसून हवी असेल, तर ती एकोणीस डॉलर घ्यायची. २०१५ मध्ये हॅकरांनी तिच्या तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती जगजाहीर केली. ज्यांनी पुसण्याचे पैसे भरले होते, त्यांच्यातल्याही अनेकांची माहिती शिल्लकच असल्याचं तेव्हा उघड झालं. म्हणून नाव नोंदवण्याआधी विचारा: लग्न ठरलं की प्रोफाइल आणि फोटो काढून टाकायची सोय कुठे आहे? फोटो सगळ्यांना दिसणार, की मी परवानगी दिलेल्यांनाच? मुलीचा मोबाइल नंबर कोणाला दिसणार?

इतकं करूनही एखादा भामटा आत येतोच. त्याची रीत ठरलेली असते. प्रोफाइलवर लंडनचा डॉक्टर किंवा अमेरिकेतला इंजिनिअर, बहुधा विधुर. दोन-तीन दिवसांतच तो म्हणतो, ‘मी साइटवर फारसा नसतो, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू.’ यामागे कारण आहे. साइटवर त्याची तक्रार झाली, तर खातं बंद होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही एकट्या असता. मग रोज सकाळी गुड मॉर्निंग, आईच्या तब्येतीची चौकशी. व्हिडिओ कॉल म्हटलं की कॅमेरा बिघडलेला. काही आठवड्यांनी ‘तुझ्यासाठी पार्सल पाठवलंय’. त्यानंतर ‘दिल्ली विमानतळ, कस्टम्स’ म्हणून एका बाईंचा फोन येतो. पार्सलमध्ये दागिने आहेत, ड्यूटी भरा. भरली, की परकीय चलन सापडल्याचा दंड. तोही भरला, की आणखी एखादं प्रमाणपत्र. पार्सल कधीच येत नाही, कारण ते निघालेलंच नसतं. कस्टम्स खातं कोणाच्या खासगी बँक खात्यात पैसे भरायला सांगत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

हल्ली पार्सलऐवजी शेअर्स किंवा क्रिप्टोचं अ‍ॅप पुढे केलं जातं. पहिले पाच हजार नफ्यासकट परत मिळतात, म्हणून माणूस पाच लाख टाकतो. मग काढायला गेलं की आधी ‘टॅक्स’ भरा म्हणतात. हे ओळखायला एकच नियम पुरे: ज्याला प्रत्यक्ष भेटलेलो नाही, त्याच्या सांगण्यावरून एक रुपयाही कुठे पाठवायचा नाही. आणि भेट ठरली, तर ती गर्दीच्या ठिकाणी, दिवसा, घरी सांगून, आपल्या वाहनाने.

आता कागद-पेन्सिल जवळ असेल, तर एक नंबर लिहून घ्या: एक नऊ तीन शून्य. १९३०. सायबर फसवणुकीसाठी देशभर चालणारा हा मदत क्रमांक आहे. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. पैसे गेल्याबरोबर फोन केला, तर समोरच्याच्या खात्यातली रक्कम तिथेच रोखून धरता येण्याची शक्यता असते. उशीर झाला, की ती दहा खात्यांत फिरून नाहीशी होते. संगणकाच्या आधारे दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

अशा वेळी लोक गप्प बसतात ते लाजेपोटी. या वयात हे काय केलंस, असं घरचे म्हणतील, ही भीती. घरच्यांना माझी विनंती आहे, तसं म्हणू नका. जोडीदार शोधणं ही लाजेची गोष्ट नव्हे. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी. तुम्ही आधी फोन उचलून १९३० लावा, बाकीचं बोलणं नंतर करता येईल.