नाळेंतील नळी आणि ध्वनीचा डोळा

मूल जन्मलें कीं नाळ कापली जाते आणि तिचें काम संपतें. अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या बाबतींत मात्र हीच वाट पुन्हां उपयोगीं पडते. अशा जीवाच्या हातापायांच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक. तेथें वारंवार सुई टोंचणें कठीण. नाळेची शीर जन्मानंतर कांहीं दिवस उघडतां येते. तिच्यांतून एक मऊ नळी आंत सरकवून औषध व पोषण पुरविलें जातें. बोस्टनचे डॉ. लुई डायमंड यांनीं १९४७ च्या सुमारास याच वाटेनें नवजात बालकाचें रक्त बदलण्याची रीत मांडली.

ही नळी यकृतांतील मार्गानें जाऊन हृदयाच्या उंबरठ्याशीं थांबावी लागते. ती अलीकडेच अडली, तर द्रव यकृतांत झिरपून इजा होते. फार पुढें गेली, तर ठोके अनियमित होतात. क्वचित् हृदयाभोंवतींच्या पिशवींत द्रव सांचून हृदयच आंवळलें जातें. टोंकाशीं रक्ताची गुठळी धरण्याचेंही भय असतें.

क्ष-किरणांच्या चित्रांत नळी दिसते. परंतु तिचें टोंक कोणत्या मणक्यासमोर आहे, यावरून तें आंत कोठें असावें याचा केवळ तर्क करावा लागतो. ही उणीव श्रवणातीत ध्वनि, म्हणजेच सोनोग्राफी, भरून काढते. सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडचा नाद माणसाला ऐकूं येत नाहीं. येथें तीं कंपनें कित्येक दशलक्ष असतात. शरीराच्या थरांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींचें हलतें चित्र पडद्यावर उमटतें. ग्लासगोचे इयान डोनल्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ मध्यें पोटांतील गांठींच्या तपासणीसाठीं या विद्येचा उपयोग प्रसिद्ध केला. पुढें ती नवजातांच्या खाटेपर्यंत पोंचली.

एकदां पाहून मात्र भागत नाहीं. नाळ वाळते, पोट फुगतें वा उतरतें, आणि बाहेर घट्ट बांधलेली नळी आंत जागा सोडते. ध्वनियंत्र पेटींतील बाळापाशींच नेतां येतें व त्यांत किरणांचा उपसर्ग नसतो. म्हणून पुन्हां पुन्हां पाहतां येतें. टोंक सरकलेलें दिसलें, तर नळी मागें ओढतां येते किंवा काढून टाकतां येते. बाळाची प्रकृति एकाएकीं ढांसळली आणि हृदयाभोंवतीं द्रव दिसला, तर तो सुईनें काढून प्राण वाचवितां येतो. अशा वेळीं घटका नव्हे, मिनिटें मोलाचीं असतात. म्हणून यंत्राइतकाच तें चित्र वाचण्यास शिकलेला डोळाही बाळाजवळ असावा लागतो.