तेच वाक्य, माझ्या तोंडून



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, शिक्षणतज्ज्ञ नाही. तरीही आज ऑस्ट्रेलियातल्या सरकारी शाळांबद्दल बोलणार आहे. कारण तिथल्या एका पालकसभेत मी एक वाक्य बोललो आणि त्याची लाज मला अजून वाटते.

आम्ही पश्चिम सिडनीत राहतो. माझी मुलगी तिथल्या सरकारी शाळेत जाते. न्यू साउथ वेल्स राज्यात अबोरिजिनल, म्हणजे तिथल्या आदिवासी मुलांमागे शाळेला वेगळा निधी मिळतो. त्या पैशातून या मुलांसाठी अभ्यासाचा आणि त्यांच्या भाषेचा वर्ग काढायचा, अशी चर्चा सभेत चालली होती. मी हात वर केला आणि म्हणालो, "एकाच समाजासाठी वेगळं का? आम्हीही दोन बॅगा घेऊनच आलो. कष्ट केले, पुढे गेलो."

सभा गप्प झाली. शाळेत अबोरिजिनल मुलांचं काम बघणाऱ्या एक वयस्कर बाई तिथे होत्या. त्यांना सगळे आंटी म्हणतात. तिथेही तो मानाचा शब्द आहे. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही आलात तेव्हा शाळेचं दार उघडं होतं. आमच्यासाठी ते कधी उघडलं, एकदा वाचा."

गाडी चालवत घरी येताना लक्षात आलं, की मी बोललो ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. शिष्यवृत्तीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, "यांचे किती लाड!" त्याला इथे एक भारदस्त शब्द आहे: लांगूलचालन. तो शब्द ऐकून ज्याचं रक्त उसळायचं, तोच मी तिथे दुसऱ्यांबद्दल तेच बोललो होतो. आणि माझ्या मुलीला पहिल्या वर्षी इंग्रजीसाठी वेगळी शिक्षिका मिळाली होती, सरकारी खर्चानं. ते मात्र मला लाड वाटले नव्हते.

मग मी वाचायला बसलो.

आमच्याजवळचं पॅरामाटा आज भारतीय दुकानांनी गजबजलेलं आहे. मूळची ती दारुग लोकांची भूमी. 1814 साली गव्हर्नर मॅक्वारी यांनी तिथे अबोरिजिनल मुलांसाठी निवासी शाळा काढली. आईबापांपासून तोडून मुलांना 'सुधारायचं', हा हेतू. 1819 मध्ये वसाहतीतल्या शाळांची परीक्षा झाली, तेव्हा सुमारे शंभर गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिली आली ती याच शाळेतली एक मुलगी. 'यांना शिकायचंच नसतं' हे दोनशे वर्षांपूर्वीच खोटं ठरलं होतं.

पण दार बंदच होत गेलं. 1902 मध्ये शिक्षणमंत्र्यांनी आदेश काढला, की गोऱ्या पालकांनी हरकत घेतली तर अबोरिजिनल मुलांना सरकारी शाळेतून काढावं. एका पालकाची तक्रार पुरे. 1909 मध्ये या लोकांच्या 'संरक्षणाचा' कायदा झाला. 1915 च्या दुरुस्तीनं संरक्षण मंडळाला कोर्टात न जाता मुलं घरातून उचलून नेण्याचा अधिकार मिळाला. ते मंडळ 1969 पर्यंत चाललं. आणि घरची परिस्थिती किंवा वस्तीचा विरोध दाखवून मुलाला प्रवेश नाकारण्याची तरतूद शिक्षकांच्या नियमपुस्तकातून गेली 1972 मध्ये. म्हणजे आंटी स्वतः तेव्हा शाळेच्या वयाच्या होत्या.

आता मला सांगा, ज्या घरात शाळा म्हणजे मूल हिरावून नेणारी जागा होती, त्या घरानं दुसऱ्या दिवशी शाळेवर विश्वास कसा ठेवायचा?

म्हणून तिथे आधार याचा अर्थ नुसते पैसे असा राहिलेला नाही. मला त्यात तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, निर्णयात वाटा. 1977 पासून अबोरिजिनल पालकांची आणि जाणत्या माणसांची शिक्षणविषयक सल्लागार संघटना राज्यात आहे, तिच्या गावोगाव शाखा आहेत. 1982 मध्ये राज्यानं अबोरिजिनल शिक्षणाचं धोरण आणलं. दुसरी, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा. मूल, पालक आणि शिक्षक एकत्र बसून तो लिहितात. शाळा आईबापांना बोलावते ती तक्रार सांगायला नाही, विचारायला. तिसरी, भाषा. गोरे आले तेव्हा ऑस्ट्रेलियात अडीचशेहून अधिक भाषा होत्या, त्यातल्या बहुतेक दडपल्या गेल्या. 2017 मध्ये न्यू साउथ वेल्सनं या भाषांसाठी कायदा केला. पार्क्स गावात शाळांमध्ये विराजुरी भाषा शिकवतात, आणि ती गोरी मुलंही शिकतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. संस्कृती जपणं म्हणजे एका मुलाला कोपऱ्यात वेगळं बसवणं नव्हे, सगळ्या वर्गानं त्याच्या घराची ओळख करून घेणं.

यातलं सगळ्यात धीट उदाहरण सिडनीपासून हजारो किलोमीटर दूर, देशाच्या उत्तर टोकाला, यिरकला इथे आहे. तिथले योल्ङू लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. सुलावेसी बेटावरच्या मकासरचे मुस्लिम खलाशी 1907 पर्यंत दरवर्षी त्यांच्या किनाऱ्यावर येत. त्यांच्याशी व्यापार करत, पण त्यांची जमीन बळकावत नसत. पैशाला योल्ङू भाषेत आजही 'रुपिया' म्हणतात.

यिरकलाच्या सरकारी शाळेत मुलं आधी योल्ङू भाषेत लिहायला-वाचायला शिकतात, मग इंग्रजीत. 1990 मध्ये योथु यिंदी या बँडचे गायक डॉ. एम. युनुपिंगू तिथे मुख्याध्यापक झाले. दोन्ही ज्ञानं बरोबरीनं शिकवायची, कुठलंच दुय्यम नाही, हा त्यांचा आग्रह होता. 2008 मध्ये प्रांत सरकारनं फर्मान काढलं, की रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवा. इथल्या शिक्षकांनी आपली पद्धत सोडली नाही. 2020 मध्ये याच शाळेतले आठ विद्यार्थी विद्यापीठ प्रवेशासाठी पात्र ठरले. तिथे हे पहिल्यांदाच घडलं होतं. स्वतःची भाषा त्यांच्या आड आली नाही.

सगळं छान झालंय, असं मात्र नाही. 2021 मध्ये 20 ते 24 वयाच्या आदिवासी तरुणांपैकी सुमारे 68 टक्के बारावी किंवा त्या तोडीचं शिक्षण पूर्ण केलेले होते. 2031 पर्यंत 96 टक्क्यांचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. अंतर मोठं आहे.

पुढच्या सभेत मी आंटींची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता वर्गासाठी खुर्च्या लावायला या." मी गेलो. आता माझी मुलगी सकाळी दारुग भाषेत 'वारामी' म्हणते आणि तिच्या दादीला फोनवर 'सलाम' करते. तिला दोन्ही सोपं जातं.

आपण इथे न्याय मागतो, तो मागायलाच हवा. पण आपण कुठेतरी 'आधी आलेले', 'पुढे गेलेले' असतोच: परदेशात, ऑफिसात, आपल्याच मोहल्ल्यात. तिथे मागे राहिलेल्याला काही मिळालं की आपल्या तोंडून काय निघतं, तिथे आपली परीक्षा असते. न्यायाची साक्ष गरज पडली तर स्वतःविरुद्धही द्यायची असते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय.

म्हणून एकच विनंती. पुढच्या वेळी कुणाच्याही सवलतीबद्दल 'लाड' हा शब्द ओठावर आला, तर आधी एक प्रश्न विचारा: यांच्यासाठी दार कधी उघडलं? मग बोला.