बाजरीच्या माहेरची जुम्माई

 

आज जरा लांबच्या गावाला जायचंय. समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या पश्चिम भागात. पण घाबरू नका, तिथे पोचल्यावर पुष्कळ काही ओळखीचं निघेल. आणि परत येताना आपल्याच गटातली एक अडचणीची गोष्ट बोलायची आहे. ती शेवटी.

देशाचं नाव नायजर. नायजेरिया वेगळा, त्याच्या वरच्या अंगाला नायजर. देशाचा बराचसा भाग सहाराचं वाळवंट. दक्षिणेकडची पट्टी तेवढी पिकते. त्या पट्टीत मरादी नावाचा भाग आहे आणि तिथली बोली हौसा. आमची मरादीशी ओळख एका पेटीमुळे झाली. प्रशिक्षणात ताईंनी तीन कुलपांच्या पेटीचं चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, ही बघा मरादीच्या बायकांची बँक. तेव्हापासून आम्ही गटातल्या दोघीतिघी त्या बायकांबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

तिकडे पुष्कळ मुलींची नावं जन्मवारावरून ठेवतात. मंगळवारची तलातू, बुधवारची लाराबा, शुक्रवारची जुम्माई. आज आपण अशीच एक जुम्माई डोळ्यांपुढे धरू. ती कुणी एक खरी बाई नाही. तिथल्या अनेकींचं जगणं जोडून आम्ही तिला उभी केली आहे. वय बाविसाच्या आसपास. पदरी दोन लेकरं, धाकटं पाठीला कापडाने बांधलेलं.

जुम्माईचा दिवस झुंजूमुंजू होताना सुरू होतो. आधी पाणी. विहिरीवर नाही तर हातपंपावर नंबर लावायचा, भांडं डोक्यावर घेऊन घरी यायचं. मग उखळ. लाकडाचं कंबरेएवढं उंच उखळ आणि तिच्याएवढंच लांब मुसळ. त्यात कांडायची बाजरी.

होय, बाजरीच! आपल्याला वाटतं बाजरी आपलीच. पण शास्त्रज्ञ सांगतात की बाजरीचं माहेर सहाराच्या खालचा हाच पट्टा. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि इथलीच होऊन गेली. आपण तिची भाकरी थापतो, जुम्माई तिचा तुवो करते. तुवो म्हणजे आपल्या घाट्यासारखा, पण घट्ट, गोळा मोडून खाता येईल असा. त्यासोबत भेंडीचं नाही तर कुकाचं कालवण. कुका म्हणजे गोरखचिंचेच्या वाळवलेल्या पाल्याची पूड. आपल्याकडे कुठे कुठे जुन्या देवळापाशी पोट सुटलेलं ते अवाढव्य झाड असतं ना, तेच. दुपारी उन्हात फुरा. बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे आंबट दुधात कालवून प्यायचे. आपल्या ताक-कण्यांची बहीणच म्हणा.

कांडताना रस्त्याने कुणी गेलं तर गप्प जात नाही. हौसात काम करणाऱ्या माणसाला वेगळा नमस्कार आहे, ‘सन्नू दा ऐकी’. म्हणजे तू काम करतेयस, त्याला माझा नमस्कार. आम्हाला हे फार आवडलं. आपल्याकडे भांडी घासणाऱ्या बाईला असा नमस्कार कोण करतं, सांगा बरं!

जुम्माईच्या नवऱ्याच्या घरची शेती आहे. त्यातला एक लहान तुकडा रिवाजाने बाईला कसायला मिळतो. त्याला गमना म्हणतात. त्यात ती भुईमूग, चवळी, भेंडी लावते आणि त्याचा पैसा तिचा. मात्र माणसं वाढली, जमिनीच्या वाटण्या झाल्या, तसे बऱ्याच ठिकाणी हे तुकडे बायकांच्या हातून निसटत चाललेत. आणि गमनाला कागद नाही. घरातल्यांनी दिला तोवर आपला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पाऊस आपल्यासारखाच, जून ते सप्टेंबर. त्यातच सगळं वर्ष काढायचं. पीक निघालं की पुरुषांची एक लाट बाहेर पडते, नायजेरियातल्या शहरांकडे आणि कुठे कुठे. ह्याला ते ‘चिन रानी’ म्हणतात. रानी म्हणजे कोरडा हंगाम. कोरडा हंगाम बाहेर खाऊन काढायचा, असा त्याचा अर्थ. आमच्या बीड-धाराशिवकडे ऊसतोडीला कोयता निघतो, तसंच. फरक एवढाच की आपली जोडी जाते आणि तिकडे बहुतेक बाप्ये जातात, बायका मागे राहतात. मागे म्हातारी माणसं, लेकरं, शेळ्या आणि कणगीतली मोजकी बाजरी. जुलै-ऑगस्टमध्ये जुनी बाजरी संपलेली आणि नवी कणसात, तेव्हा चूल कशी पेटवायची हा तिथला सगळ्यात मोठा प्रश्न. २००५ साली तर मरादी भागात फार मोठी अन्नटंचाई झाली होती. तेव्हाची लेकरं आता जुम्माईच्या वयाची आहेत.

आता पेटीची गोष्ट.

भिशी तिकडेही जुनीच. तिला अदाशी म्हणतात. दर आठवड्याला सगळ्यांनी सारखे पैसे टाकायचे आणि पाळीपाळीने एकीने उचलायचे. पण पाळी येईपर्यंत पोरगं आजारी पडलं तर काय? १९९१ साली केअर या संस्थेने मरादीत ह्याच भिशीला पुढे नेलं. गटाला नाव पडलं ‘मता मसू दुबारा’, म्हणजे शक्कल असलेल्या बायका. पैसा एकीने उचलायचा नाही, पेटीत ठेवायचा आणि लागेल तिला कर्जाऊ द्यायचा. पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरांत. बैठकीशिवाय पेटी उघडतच नाही. व्याज आपल्यापेक्षा जड असतं, पण ते सावकाराच्या घरी जात नाही. वर्षभराने बचत आणि व्याज सगळं मोजून आपसात वाटून घेतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. बाहेरचा एक पैसा नाही. सुरुवातीच्या गटांत बहुतेकींना लिहिता येत नव्हतं, म्हणून हिशोब वहीत नव्हे, सगळ्यांच्या तोंडी पाठ ठेवायचा.

आपल्याकडे १९९२ साली नाबार्डने ५०० बचत गट बँकेला जोडायला घेतले. म्हणजे त्यांच्या आणि आपल्या कामाचं वय जवळजवळ एकच. ती पद्धत पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पोचली. तिकडच्या बायकांना बँकेची वाट नव्हती, म्हणून त्यांनी पेटी धरली. आपल्याला बँक मिळाली, पण कधी कधी बँकेच्या हप्त्यापायी आपण आपलीच बचत विसरतो. हे आम्ही आमच्या गटाबद्दलही बोलतोय.

जुम्माईने पहिल्या कर्जातून काय केलं असेल? अशा पुष्कळजणी भुईमूग घेतात. दाणे भाजून कुटायचे, तेल पिळून काढायचं आणि उरलेल्या पेंडीची कडी वळून तळायची. त्याला कुली-कुली म्हणतात. तेलही विकतं, कुली-कुलीही विकते. दुसऱ्या कर्जातून शेळी. मरादीची तांबडी शेळी कातड्यासाठी नावाजलेली आहे. शेळी म्हणजे चालतीबोलती ठेव, हे त्यांनाही आपल्याइतकंच ठाऊक.

सणाचं सांगायचं तर दोन मोठे. रमजानचे उपास सुटतात ती धाकटी सल्ला आणि त्यानंतर साधारण सत्तर दिवसांनी येते ती थोरली सल्ला, म्हणजे बकरी ईद. तिला तिकडे तबास्कीही म्हणतात. आठ दिवस आधीपासून शिंप्याकडे गर्दी. मैत्रिणी मिळून एकाच छापाचं कापड घेतात, आपण हळदीकुंकवाला गटाच्या सारख्या साड्या घेतो तशा. हातापायांना मेंदी लागते, वेण्यांची बारीक बारीक गुंफण होते, त्यात अख्खी दुपार जाते. त्या दुपारीच खरं बोलणं होतं. कुणाच्या नवऱ्याने पैसे पाठवले, कुणाच्या नाही, कुणाची सवत आली. थोरल्या सल्लाला मेंढा कापतात, काठ्यांना लावून विस्तवाभोवती भाजतात आणि मांस शेजारीपाजारी, गोरगरिबांत वाटतात. ‘बरका दा सल्ला’ म्हणत पोरं घरोघर फिरतात आणि नाणी गोळा करतात. आणि करमणूक म्हणाल तर हौसा मुलखात हिंदी सिनेमाचं फार वेड. नायजेरियातल्या कानो शहरात ‘मदर इंडिया’ वर्षानुवर्षं चालला. बैल नसताना नांगर ओढणारी बाई त्यांना कुणी समजावून द्यावी लागली नाही.

आणखी दोन दिवस सांगण्यासारखे. ३ ऑगस्ट हा त्यांचा स्वातंत्र्यदिन, १९६० सालचा. त्या दिवशी देशभर झाडं लावतात. वाळवंट पुढे सरकतंय, तर झेंड्याबरोबर झाड. दुसरा १३ मे, तिथला महिला दिन. १९९१ साली देशाची पुढची वाट ठरवायला परिषद भरायची होती आणि तिच्या तयारीच्या समितीत बायकांना जवळजवळ जागाच नव्हती. तेव्हा राजधानी नियामेत बायका रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी जागा मिळवल्या. त्याच वर्षी तिकडे खेड्यात पेटी सुरू झाली होती, हे लक्षात ठेवा.

सगळं गोडच आहे असं नाही. २०२३ साली लष्कराने सत्ता घेतली, शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या, नायजेरियाने वीज तोडली. बाजारात माल महागला आणि त्याची झळ पेटीपर्यंत पोचली. पण जुम्माईचं मोठं दुःख त्याहून जुनं आहे. नायजरमध्ये चारपैकी तीन मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. जगात इतकं प्रमाण क्वचितच कुठे असेल. एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं. पुष्कळ मुली लहानपणी डोक्यावर पाटी घेऊन आईचा माल विकत हिंडतात आणि शाळा मध्येच सुटते.

मग तिची आस काय असेल? शिलाई मशीन, पत्र्याचं छप्पर, हे आहेच. पण तिथल्या बायांना विचारलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. माझं झालं ते झालं, पोरीला शिकू दे. आणि इथे पेटी कामाला येते. बाई घरात चार पैसे आणायला लागली की ‘पोरीला आणखी एक वर्ष शाळेत राहू द्या’ हे तिचं बोलणं निदान ऐकून तरी घेतात. शेजारच्या झिंदर भागात तर नवऱ्यांचीच शाळा भरवतात. बायकोला दवाखान्यात का न्यायचं, पाळणा का लांबवायचा, हे पुरुष बसून बोलतात आणि मग गावात इतरांना सांगतात. हसू नका. आपल्या गावात भरवली तर किती जण येतील, ते मोजा.

आता आपल्या गोष्टीकडे.

आमच्या गटात चार वर्षांपूर्वी एका मावशींनी लेकीच्या लग्नासाठी कर्ज मागितलं. परतफेड चोख असणाऱ्या मावशी. आम्ही सगळ्यांनी हात वर केले, इतिवृत्तात लिहिलं, पैसे दिले. जेवायलाही गेलो. मुलगी दहावीला होती. वय कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या वर्षी तिचं बाळंतपण अवघड गेलं. पोरगी वाचली, लेकरू राहिलं नाही. कर्ज मात्र वेळेत फिटलं. आमच्या वहीत ते ‘नियमित परतफेड’ म्हणून लिहिलेलं आहे.

मैत्रिणींनो, त्या मुलीला आम्ही सगळ्यांनी मिळून बोहल्यावर चढवलं. पैसा आमचा होता. नायजरमध्ये चारात तीन हे ऐकून आपण चुकचुकतो. पण २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत आपल्या महाराष्ट्रातही विशीतल्या पाचातल्या एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. तिकडच्या कायद्यात मुलीचं वय पंधरा आहे. आपल्याकडे तर अठराचा कायदा असून ही गत.

यंदा आमच्या ग्रामसंघाने दोन ठराव केलेत. एक, मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागितलं तर अर्जासोबत शाळेचा दाखला लागेल आणि जन्मतारीख बैठकीत मोठ्याने वाचली जाईल. दुसरा, अकरावी-बारावीच्या मुलीच्या एसटी पाससाठी, वह्यापुस्तकांसाठी कर्ज घेतलं तर व्याज निम्मं. पहिल्या ठरावावर भांडण झालं. ‘घरच्या गोष्टीत गट कशाला?’ असं दोघी म्हणाल्या. तेव्हा ज्या मावशींना आम्ही कर्ज दिलं होतं, त्याच उठल्या. म्हणाल्या, “तेव्हा तुम्ही नाही म्हणाला असता तर मला घरात सांगायला कारण मिळालं असतं.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या. ठराव झाला.

म्हणून जुम्माईची पेटी आज इथवर आणली. तीन कुलपं चोरासाठी असतातच. पण एकटीला जे नाही म्हणता येत नाही, ते तिघींनी मिळून म्हणण्यासाठीही असतात. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. काय ठरलं, कुणी विरोध केला, ते रेडिओच्या ताईंना कळवा. भांडण झालं तर तेही कळवा.

आणि उद्या सकाळी भाकरी थापत असाल, तेव्हा तिकडच्या जुम्माईची आठवण काढा. तिला इथूनच म्हणूया, सन्नू दा ऐकी. तुम्हालाही तेच. राम राम.