रानवाटेची कसोटी : कावासाकीच्या मोटारसायकली

गडचिरोलीहून भामरागड दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आलापल्लीपुढें वाट रानांतून जाते. पर्लकोटा नदीच्या पुरानें भामरागडचा संबंध पावसाळ्यांत अनेकदां तुटला आहे. १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यांत वाहनाची परीक्षा वेगानें होत नाहीं. टाकींतलें पेट्रोल पुरेल काय, हाच खरा प्रश्न. कावासाकी ह्या जपानी मोटारसायकलीची वाटचाल ह्या कसोटीवर पाहण्यासारखी आहे.

कावासाकीचा कारखाना पूर्वीं विमानें बांधीत असे. १९४५ च्या पराभवानंतर जपानांत विमानें बांधण्यास बंदी झाली आणि विमानांच्या इंजिनांवर बसलेला हात दुचाकीकडे वळला. १९५३ सालीं निघालेलें १४८ सी. सी. चें इंजिन प्रथम इतरांच्या गाड्यांत बसे. १९६२ सालच्या १२५ सी. सी. च्या ‘बी-८’ नें कारखान्याचें नांव केलें. १९६६ सालची ६२४ सी. सी. ची ‘डब्ल्यू-१’ मुख्यतः अमेरिकेंतील हमरस्त्यांसाठीं होती.

महाराष्ट्रांत हें नांव बजाज ऑटोच्या जोडीनें आलें. १९८६ सालची ‘केबी-१००’ टू-स्ट्रोक होती; म्हणजे दट्ट्याच्या दर दोन धावांत इंधन एकदां पेटे. झडपा नसल्यानें रचना सोपी, जोरही चांगला. परंतु जळलेला वायु बाहेर ढकलण्याचें काम आंत येणारें ताजें मिश्रणच करी, आणि त्याचा कांहीं भाग न जळतांच धुराबरोबर निघून जाई. वंगणाचें तेलही जळे, तें निराळेंच.

१९९१ सालच्या ‘फोर-एस चँपियन’ नें हीं कामें चार धावांत वांटून दिलीं : मिश्रण आंत घेणें, दाबणें, पेटविणें व धूर बाहेर टाकणें. झडपा आल्या, यंत्राचे भाग वाढले. तथापि पेट्रोलाचा तो अपव्यय बव्हंशीं टळला. १९९७ सालची ‘बॉक्सर’ व ७ जून १९९८ रोजीं वाळूजच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली ‘कॅलिबर’ ह्याच मार्गानें गेल्या. २०१७ सालीं बजाज व कावासाकी यांची भारतांतील विक्रीची भागीदारी संपली.

लिटरामागें कांहीं किलोमीटर अधिक मिळाले, तर शहरांत चार पैसे वांचतात. आलापल्लीच्या पुढें, जेथें पंप मागें राहिलेला असतो व पाठीमागच्या आसनावर तापानें फणफणलेलें माणूस असतें, तेथें तेवढ्यावर दवाखाना गांठणें अवलंबून असतें.