न घडलेल्या जगांबद्दल

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या वाचन-बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

वर्षभरात काय वाचलंस ते सांग, असं मला सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि मग संकोच वाटला. आपल्या बैठकीत आपण कायद्यावर बोलतो, पाहणीच्या अहवालांवर बोलतो, फार तर एखाद्या आत्मचरित्रावर. मी वाचत होते कादंबऱ्या, आणि त्याही कधी न घडलेल्या जगांच्या. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला शिकवलं होतं, वस्तुस्थिती पाहा. त्यामुळे कल्पनेतली राज्यं वगैरे म्हणजे पोट भरलेल्यांचं वाचन, असं माझं मत होतं. ते कसं बदललं, आणि कुठे बदललं नाही, तेवढंच आज सांगते.

मी कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. आमच्या अर्जात शेवटी एक रकाना असतो: 'अर्जदाराची अपेक्षा'. एका ताईंना मी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" त्या म्हणाल्या, "त्यानं मारू नये, बस." मी म्हटलं, "आणि मारणं थांबल्यावर? कसं जगायचंय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी रकाना भरला, पण घरी जाताना लक्षात आलं की हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर माझ्याकडे तरी काय उत्तर होतं? काय नको, त्याची यादी पाठ आहे. काय हवंय, ते चित्र काही डोळ्यांपुढे येत नाही.

त्याच सुमारास एका मैत्रिणीनं मार्गारेट अ‍ॅटवुडची 'द हँडमेड्स टेल' दिली. १९८५ सालची कादंबरी. अमेरिकेत धर्माच्या नावानं सत्ता उलथते आणि मूल होऊ शकणाऱ्या बायका अधिकाऱ्यांच्या घरी केवळ गर्भाशय म्हणून ठेवल्या जातात. मला वाटलं होतं, भयंकर प्रसंगांनी मी हादरेन. हादरले ते एका साध्या प्रसंगानं. एके दिवशी सगळ्या बायकांची बँकखाती गोठवली जातात, नोकऱ्या जातात, आणि पैसे जवळच्या पुरुषाच्या ताब्यात जातात. नायिकेचा नवरा चांगला माणूस आहे. तो म्हणतो, मी आहे ना, मी तुला सांभाळीन. आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, की याला हे फारसं वाईट वाटलेलंच नाही. हे वाचताना मला आमच्या केंद्रातल्या किती बायका आठवल्या! "पासबुक कुणाकडे आहे?" "त्यांच्याकडेच. मला काय करायचंय?" त्या देशात जे एका दिवसात हुकमानं झालं, ते आपल्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात गोडीगुलाबीनं होतं.

दुसरी गोष्ट नावाची. तिथे त्या बायकांना स्वतःचं नाव राहत नाही. नायिकेचं नाव ऑफ्रेड, म्हणजे फ्रेडची. मला आठवलं ते ताटात पसरलेल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नवं नाव. माझ्या आईचं माहेरचं नाव मला दहाव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लावायचं ठरवलं. निर्णय चांगलाच आहे. पण आईचं कुठलं नाव, तिच्या आईबापांनी ठेवलेलं की तांदळावरचं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

अ‍ॅटवुडबाई म्हणत आल्या आहेत की, इतिहासात कुठेतरी घडलं नाही असं त्यांनी पुस्तकात काही घातलं नाही. रुमानियात १९६६ साली हुकूम काढून गर्भपात जवळजवळ बंद केला होता. अमेरिकेत १९७३ साली न्यायालयानं मान्य केलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क जून २०२२ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं काढून घेतला. म्हणजे मिळालेलं परत जातं. कायदा झाला, आता निवांत, असं नसतं.

आपल्याकडचंही वाचलं. मंजुळा पद्मनाभन यांची 'एस्केप' २००८ सालची. त्या देशातून बायका नाहीशाच केल्या आहेत, आणि एका मुलीला तिचे तीन काका लपवून वाढवतात. कल्पना अचाट वाटते. पण महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारा कायदा आपल्या राज्यानं देशाच्याही आधी, १९८८ सालीच केला होता, तरी हे आकडे. कादंबरीकार हाच रस्ता शेवटपर्यंत चालून जाते, इतकंच.

प्रयाग अकबर यांची 'लैला' २०१७ ची. शहरात जातीधर्मागणिक भिंती उभ्या आहेत, आणि शालिनी हरवलेल्या मुलीला वर्षानुवर्षं शोधते आहे. तिच्या दुःखानं मी रडले. पण भिंती वाढत होत्या तेव्हा हीच शालिनी आपल्या घरात सुखात होती, आणि मुलीला सांभाळणाऱ्या बाईकडे तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं. हे वाचून पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचं आडनाव आठवून पाहिलं. आठवलं नाही. सात वर्षं येतात. दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "का हो, काही चुकलं का?"

एवढी काळी जगं वाचल्यावर जीव घुसमटला, तेव्हा रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' वाचली. कादंबरी नव्हे, छोटी गोष्ट आहे. १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात इंग्रजीत आली. बायकांच्या राज्यात पुरुष घरात पडद्यात राहतात, स्वयंपाक करतात, मुलं सांभाळतात. बायका विद्यापीठं चालवतात, ढगांतून पाणी ओढून घेतात, उन्हाची उष्णता साठवतात. कामाचा दिवस दोन तासांचा.

ही गोष्ट मी आमच्या बचत गटात मराठीत सांगितली. पुरुष कोंडलेले ऐकून हशा पिकला. पण नंतरची चर्चा झाली ती पाण्यावर. "म्हणजे हंडा घेऊन टँकरपुढे उभं राहायला नको?" मग कामाच्या तासांवर. मग एक आजी म्हणाल्या, "कोंडून कशाला ठेवायचं? कोंडलं की राखण आली. ती पण आपल्याच गळ्यात." शंभरावर वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टीत मला जे खटकत होतं पण नीट सांगता येत नव्हतं, ते आजींनी एका वाक्यात सांगितलं. सत्ता उलटी करून भिंत तशीच ठेवली, तर आपणही पहारेकरीच होणार.

मैत्रिणींनो, कादंबऱ्या वाचून कुणाची मारहाण थांबत नाही. ते काम पोलीस ठाण्यात, कोर्टात, वस्तीतच करावं लागतं. आणि ही पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, महाग. ज्यांच्याबद्दल आहेत त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. ती गोष्टीरूपानं सांगणं आपल्या हातात आहे. माझी एवढीच सूचना आहे: प्रत्येक शिबिरात अर्धा तास 'काय हवंय' यासाठी ठेवावा. तक्रार नाही, मागणी नाही, नुसतं चित्र.

त्या ताई पुन्हा आल्या तेव्हा मी तो रकाना परत काढला. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "दुपारी तासभर झोपावं, आणि कुणी उठवू नये." मी ते तसंच लिहून घेतलं. इतक्या वर्षांत त्या रकान्यात मी लिहिलेली ही पहिली खरी अपेक्षा.