रस्ता पाण्यानं मरते, साहेब!



रस्त्यांविषयी चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा आधी हसूच आले. आपल्याकडे या विषयावर बोलत नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. पाऊस लागला की पानठेल्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत खड्ड्यांचीच चर्चा. मी मात्र या चर्चेच्या पलीकडल्या बाजूला बसलेलो होतो. आधी ओव्हरसियर आणि पुढे अभियंता म्हणून मी तीस वर्षे चंद्रपूर जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या गावांचे रस्ते सांभाळले. ज्याला लोक शिव्या देतात, तो माणूस मीच होतो. आज त्या खुर्चीवरून उठलो आहे, म्हणून मोकळेपणाने बोलतो.

आपले चंद्रपूर हे परकोटाचे शहर. गोंड राजांनी बांधलेल्या या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा अशी चार दारे आणि पाच खिडक्या. ही दारे बांधली गेली ती बंड्या, घोडे आणि हत्ती यांच्या हिशेबाने. परकोटाबाहेर रामनगर, तुकूम, बाबूपेठ अशी वस्ती वाढत गेली. पण बाजारपेठ राहिली आत. त्यामुळे सकाळी-संध्याकाळी सगळ्यांचीच गाठ जटपुरा दाराशी पडते. परकोट हे संरक्षित स्मारक आहे. दार रुंद करता येत नाही, आणि करूही नये. अशा शहराला नवा रस्ता काढायला जागाच कुठे? आहे तोच रस्ता नीट राखायचा, एवढेच हाती उरते.

आणि राखणे हेच आपल्याला जमत नाही. नव्या रस्त्याचे भूमिपूजन होते, फलक लागतो. पण अमुक गल्लीतली नाली वेळेवर उपसली म्हणून कोणी नारळ फोडल्याचे मी तरी पाहिले नाही.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला रस्त्यांवर मैलकुली असत. एकेका मैलकुलीकडे रस्त्याचा ठरावीक तुकडा असे. हातात फावडे, घमेले आणि धुमस. बाजूच्या चरातला गाळ काढायचा, साइडपट्टीवरचे गवत छाटायचे, लहानसा खळगा दिसला की मुरूम टाकून ठोकायचा. असाच एक म्हातारा मैलकुली मला पहिल्या पावसाळ्यात म्हणाला, "रस्ता गाड्यांनी नाही मरत, साहेब. पाण्यानं मरते."

तेव्हा ते मला अडाण्याचे बोलणे वाटले होते. पुढे कळले की साऱ्या पुस्तकांचे सार तेच आहे. आपल्याकडची बरीच जमीन काळी. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात आकसते. वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या वर. उन्हाने डांबर मऊ होते, पुढे जुनाट होऊन त्याला बारीक भेगा पडतात. नाली तुंबली की पाणी रस्त्यावर थांबते, भेगेतून खाली उतरते, गिट्टीखालचा थर भिजतो. वरून एक जड ट्रक गेला की खालचा चिखल दबतो आणि वरचे डांबर उचकटते. खड्डा पडलेला आपल्याला त्या दिवशी दिसतो, पण त्याचे काम नालीत दोन महिने आधीच सुरू झालेले असते.

आता ट्रकांचेही ऐका, कारण हा कोळशाचा, सिमेंटचा आणि वीज केंद्राचा जिल्हा आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस ट्रक चालवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होते. भार वीस टक्के वाढला तरी झीज दुप्पट. आपल्याकडे मागच्या एका आसावर १०.२ टन भाराची परवानगी होती; जुलै २०१८ मध्ये ती ११.५ टन झाली. वाढ दिसायला सव्वा टनाची, पण त्याच हिशेबाने झीज दीडपटीहून अधिक. रस्ते मात्र जुन्याच भाराच्या हिशेबाने बांधलेले. त्याउपर काटा चुकवून जास्तीचा माल भरणारे आहेतच.

तिसरा शत्रू म्हणजे खोदकाम. पाइपलाइन, केबल, गटार, सगळे हवेच. पण चर बुजवताना माती वीतभर जाडीच्या थरांनी टाकायची, प्रत्येक थरावर पाणी मारायचे, धुमसायचे, आणि मगच वरचा थर द्यायचा असतो. प्रत्यक्षात सारी माती एकदम ढकलली जाते. पहिल्या पावसात ती खचते आणि रस्त्याला आडवी घळ पडते.

खड्डा भरण्याचीही रीत आहे. त्याच्या कडा चौकोनी आणि उभ्या कापायच्या, आतला चिखल आणि धूळ काढायची, खड्डा कोरडा करायचा, डांबराचा पातळ हात मारायचा, मग मिश्रण भरून दाबायचे. आपण करतो काय? पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गिट्टी आणि चुरी ओततो. आठ दिवसांत गिट्टी रस्त्यावर विखुरते आणि खड्ड्यापेक्षा तीच दुचाकीला पाडते.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गावाचे नाव सांगत नाही. जुलै महिना होता. बाजाराच्या वळणावर चेंबरचे झाकण खचून हातभर खोल खड्डा झाला होता. तक्रार आली, मी ती वहीत लिहून घेतली. गँग दुसऱ्या कामावर होती, पाऊस उघडत नव्हता, निविदेचा कागद वर गेलेला होता. सगळी कारणे खरी होती. अकराव्या दिवशी पहाटे एक दूधवाला सायकलसकट त्यात गेला. खुब्याचे हाड मोडले. तो पुन्हा सायकलवर बसला नाही.

दोन महिन्यांनी तो काठी टेकत कार्यालयात आला. मी मनात उत्तरे जुळवत होतो. तो म्हणाला, "साहेब, आता पोरगा जाते दूध घेऊन. थो खड्डा भरला का, तेवढं पाहायला आलो." खड्डा भरला होता, त्याच दिवशी दुपारी, अर्ध्या तासात, दोन माणसांनी. वहीत मात्र तो अकरा दिवस होता, माझ्या अक्षरात. ते अर्ध्या तासाचे काम मी अकरा दिवस केले नाही, हे मला आजही विसरता येत नाही.

कायद्याने हे काम ऐच्छिक नाही. चंद्रपूरची नगरपालिका १८६७ सालची. २५ ऑक्टोबर २०११ रोजी तिची महानगरपालिका झाली. महापालिका अधिनियमाच्या ६३व्या कलमात रस्त्यांची निगा आणि दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे बजावले. माझ्या दूधवाल्याच्या काळी हे नव्हते. असते, तर कदाचित माझी वही लवकर हलली असती.

आता चौकांकडे येऊ. सिग्नल एकदा उभारला की आपण तो विसरतो. वास्तविक कोणत्या दिशेला किती सेकंद द्यायचे, हे त्या चौकातल्या वाहनांच्या मोजणीवर ठरते. आम्ही वहीवर चार उभ्या रेघा आणि एक आडवी, अशी मोजणी करायचो. एक ट्रक म्हणजे साधारण तीन मोटारी धरायचो. पण शाळा निघते, नवी वस्ती होते, आणि सेकंद मात्र जुनेच राहतात. मग रिकाम्या रस्त्याला हिरवा आणि भरलेल्या रस्त्याला लाल, असे होते. लोक सिग्नल तोडू लागतात आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतो. पांढरे पट्टे पुसले गेले, फांदीने दिवा झाकला, अशा साध्या गोष्टींनीही चौक बिघडतो.

यात आणखी एक गुंता आहे. शहरातला एक रस्ता महापालिकेचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तिसरा राष्ट्रीय महामार्गाचा, आणि वाहतूक पोलीस वेगळ्याच खात्याचे. नागरिकाला एवढेच दिसते की खड्डा आहे. तो कोणाचा, हे शोधण्यातच पावसाळा संपतो. म्हणून प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी तो कोणाचा आणि तक्रार कोठे करायची, याची पाटी असावी. खर्च फारसा नाही.

मैलकुली पूर्वीसारखे परत येणार नाहीत, हे मला कळते. पण त्यांच्यामागची रीत परत आणता येईल. प्रत्येक वॉर्डातल्या रस्त्यांचा तुकडा एका माणसाच्या नावे असावा. मे संपण्यापूर्वी नाल्या साफ, पावसाळ्यात आठवड्याला एक फेरी, दिवाळीनंतर भेगा भरणे, आणि उन्हाळ्यापूर्वी सिग्नलची मोजणी. आपल्या परकोटाचेच पाहा ना. झाडाझुडपांनी भिंती उकलत चालल्या होत्या. २०१७ साली इको-प्रोच्या तरुणांनी श्रमदानाने त्या मोकळ्या करायला घेतल्या, महिनोन्महिने रोज थोडे थोडे करून.

आपणही दोन गोष्टी करू शकतो. घरासमोर गाडी चढवायला नाली बुजवून उतार केला असेल, तर खाली पाइप टाकून पाण्याला वाट द्या. आणि तक्रार करताना "आमच्याकडचा रस्ता" असे न लिहिता जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहा, तारीख लिहा, आणि आठ दिवसांनी तो खड्डा भरला का, ते पाहायला जा. मला एका माणसाने तसे विचारले होते. त्यानंतरच्या नोकरीत माझ्या वहीत एकही चेंबर दुसऱ्या दिवसापर्यंत राहिले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)