कारखान्याचा भोंगा थांबल्यानंतर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आपल्यातील अनेक पालकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला लगेच कामाला लावावे, की अजून काही वर्षे शिकू द्यावे? घरची ओढाताण मी जाणतो. म्हणून उपदेश करण्याऐवजी एका गावाची हकिकत सांगतो.

हे गाव अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेथलेहेम. हजरत ईसा यांच्या जन्मगावाचे नाव १७४१ साली मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या नव्या वसाहतीला दिले. दुसऱ्याच वर्षी त्याच पंथातील बेनिग्ना या सोळा वर्षांच्या मुलीने एका गावी मुलींची शाळा काढली. ती शाळा पुढे बेथलेहेमला आली. आजचे मोरेव्हियन विद्यापीठ आपला उगम तिच्यातच मानते. १८६५ मध्ये एसा पॅकर यांनी तेथे लीहाय विद्यापीठ स्थापले. हे गृहस्थ मूळचे सुतारकाम शिकलेले. कालव्यातील नावा आणि नंतर रेल्वे यांत मिळवलेल्या संपत्तीतून त्यांनी पाच लाख डॉलर आणि ५६ एकर जमीन विद्येसाठी दिली.

त्याच गावात लोखंडाचा कारखाना वाढला आणि बेथलेहेम स्टील या नावाने जगभर गाजला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे पोलाद याच कंपनीचे. दुसऱ्या महायुद्धात एकट्या या गावच्या कारखान्यात सुमारे ३०,००० माणसे राबत होती. बाप गेटातून आत जाई, त्याच्यामागे मुलगा. मग जास्त शिकायचे कशाला, असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

पुढे परदेशी पोलाद स्वस्त पडू लागले. भंगार वितळवणारे लहान कारखाने स्पर्धेत उतरले. १९९५ मध्ये गावातील भट्ट्या थंड झाल्या, २००१ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. २००३ मध्ये निवृत्त कामगार आणि त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे ९५,००० जणांचा आरोग्यविमा बंद झाला. जन्मभर घाम गाळणाऱ्यांवर ही पाळी आली. यात त्यांचा काय दोष?

गाव मात्र उजाड झाले नाही. कंपनीने डोंगरावर बांधलेली संशोधनशाळा लीहाय विद्यापीठाने १९८० च्या दशकातच विकत घेतली होती. तेथील एका इमारतीत आज नव्या उद्योगांना जागा आणि सल्ला मिळतो. कंपनीच्या एका जुन्या इमारतीत सार्वजनिक महाविद्यालयाचे वर्ग भरतात. प्रचंड भट्ट्या न पाडता त्यांच्या पायथ्याशी २०११ मध्ये कलाकेंद्र उघडले. मोरेव्हियनांच्या जुन्या वास्तूंना २०२४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कारखान्याच्या जागेवर २००९ मध्ये जुगारखानाही निघाला. त्यातून नोकऱ्या आणि कर मिळाले हे खरे. पण दुसऱ्याच्या हरण्यावर उभी राहिलेली कमाई आपल्याला बरकतीची वाटणार नाही.

हे सर्व झाले म्हणून प्रत्येक कामगाराचे नुकसान भरून निघाले, असे मी म्हणणार नाही. पन्नाशीत नवा धंदा शिकणे किती कठीण, हे आपल्या यंत्रमागवाल्यांना आणि गिरणीकामगारांना सांगायला नको. मला सांगायचे ते एवढेच : कारखाना सव्वाशेहून अधिक वर्षे चालला आणि गेला, विद्यालये त्याच्या आधी, त्याच्याबरोबर आणि त्याच्यानंतरही उभी राहिली. संकटात गावाने आधार शोधला, तेव्हा तो तेथे तयार होता.

पालकहो, मुलाच्या हातात हुन्नर अवश्य द्या, पण एकाच गेटावर त्याचे नशीब टांगू नका. मुलगा कामाला लागलाच, तर संध्याकाळचा अभ्यास सुटू देऊ नका. आणि मुलींना मागे ठेवू नका. त्या गावची विद्येची वाट एका मुलीनेच घालून दिली होती. इल्म ही अशी शिदोरी आहे, की मालक बदलला, यंत्र बदलले, तरी ती माणसाबरोबर चालते.